हात थांबवायला शिकवणारे आठ शनिवार

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. ज्या मातीकामाच्या वर्गाबद्दल लिहितेय, ती मंडळी माझी गिऱ्हाईकं आहेत. कोथरूडमध्ये गेली २२ वर्षं माझं पोळी-भाजी केंद्र आहे आणि त्यांच्या रविवारच्या कार्यशाळांना जेवणाचे डबे माझ्याकडून जातात. पण वर्गाची फी मी पूर्ण भरली, सवलत मागितली नाही आणि त्यांनी दिलीही नाही. नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे दोन तक्रारी आहेत. त्या मी त्यांना समोरासमोर सांगितल्या आहेत. ज्यांना पत्ता हवा त्यांनी केंद्रावर येऊन विचारावं.

ऑक्टोबरात एकदा डबे पोचवायला मुलगा नव्हता म्हणून मीच गेले. बंगल्याच्या गॅरेजमध्ये वर्ग चालतो. आत एक मुलगी टेबलावर माती मळत होती. तळव्यांनी पुढे रेटायची, उचलून उभी करायची, परत रेटायची. मी डबे हातात घेऊन दारातच उभी राहिले. माझ्याकडे रोज ३०० पोळ्यांची कणीक मळली जाते, त्यामुळे मला लगेच दिसलं की ती नुसत्या मनगटानं ढकलतेय आणि संध्याकाळी तिचं मनगट ठणकणार. न राहवून म्हटलं, "बाळा, खांद्यातून जोर लाव. मनगट मोडशील." शिकवणाऱ्या ताई मागेच होत्या. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काकू, तुम्हीच या ना शिकायला."

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी गेले. आठ शनिवार, दुपारी ३ ते ६. एका तुकडीत सहा जण आणि प्रत्येकाला स्वतंत्र चाक. फी ८,५०० रुपये, माती त्यातच, भट्टीचे पैसे मात्र भांड्याच्या आकारावर वेगळे. नखं कापून या, अंगठ्या-बांगड्या काढून या, असा निरोप आदल्या दिवशी येतो. माझ्या पाटल्या आता निघत नाहीत, तर ताईंनी त्यांच्यावर मऊ फडकं बांधून दिलं.

पहिल्या दिवशी चाकाला हात लावू देत नाहीत. मातीचा लिंबाएवढा गोळा डाव्या तळहातावर घ्यायचा, उजवा अंगठा मध्यात घालायचा आणि अंगठा आत, बोटं बाहेर असं दाबत दाबत वाटी फिरवत न्यायची. मला हसू आलं. ही तर मोदकाची पारी! गणपतीत मी दिवसाला दीडशे मोदक वळते. माझी वाटी पाच मिनिटांत तयार झाली, कडा पातळ, तळ थोडा जाड, अगदी पारीसारखी. फक्त कळ्या काढायच्या बाकी होत्या.

पण ताईंनी वाटी उन्हाकडे धरून दाखवली. काठावर बारीक भेगा होत्या. मी सवयीनं बोटं पाण्यात बुडवून घेत होते. उकडीला तेलपाण्याचा हात लावल्याशिवाय पारी होत नाही. मातीला मात्र पाणी जपून लावायचं. जास्त पाणी लागलं की वरचा थर चिखल होतो, आतला तसाच राहतो आणि दोघांची फारकत होते. मग त्यांनी कारण समजावलं. मातीचे कण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक आणि चपटे असतात, पत्त्यांच्या जोडासारखे. त्यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पदर असतो आणि त्या पदरावरून ते एकमेकांवर सरकतात. दाब दिला की सरकतात, दाब काढला की तिथेच थांबतात. कणकेचं तसं नाही. कणीक चिवट असते, लाटलेली पोळी जरा सोडली की आक्रसते, म्हणून आपण उंडा झाकून मुरवत ठेवतो. इतकी वर्षं हातांना ही आक्रसण्याची सवय. जिथे ठेवावं तिथे राहणारा पदार्थ त्यांना भेटलाच नव्हता.

राहणारा म्हणजे दिसायला राहणारा. तिसऱ्या आठवड्यात आम्ही लाटून ताटल्या केल्या. लाटणं माझ्या हातचं, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवलेल्या, त्यामुळे मातीची पोळी एकसारखी आली. उचलताना मात्र मी ती पोळीसारखीच उचलली, एका कडेनं. ती वाकली. परत फळीवर टाकून सपाट केली, हात फिरवला, कुणाला कळलं नसतं. भट्टीतून आली तेव्हा नेमकी तीच कड अर्धा इंच वर उचललेली होती. ताई म्हणाल्या, "माती लक्षात ठेवते, काकू." कण एकदा ज्या दिशेनं लागले त्या दिशेला ते आगीत परत वळतात. ती ताटली मी फेकली नाही. केंद्रात पैसे ठेवायला वापरते.

आता चाक. या वर्गाची खरी किंमत इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मातीचा गोळा चाकावर थापायचा आणि तो चाकाच्या बरोबर मध्यावर आणायचा, इतका की फिरतोय हे डोळ्यांना कळू नये. याला मध्य साधणं म्हणतात. हे जमलं नाही तर पुढचं काहीच होत नाही. भिंत एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होते आणि वर ओढताना भांडं लचकतं. मला वाटलं, मळण्यात आपला हात धरणारं इथे कोण आहे? आणि चाकावरचे पहिले दोन शनिवार मला एकदाही मध्य साधता आला नाही. पंचविशीतली पोरं, ज्यांनी कधी कणीक मळली नसेल, त्यांना जमत होतं.

कारण ताईंनी शोधून काढलं. त्या माझ्या मातीकडे बघतच नव्हत्या, माझ्या कोपरांकडे बघत होत्या. माझे हात सतत हलत होते. कणीक परातीत बसून असते आणि काम हात करतो. हातच फिरतो, हातच वळतो, हातच थापतो. चाकावर हालचाल सगळी मातीची. हात एका जागी खुंटीसारखा ठेवायचा, फिरत येणाऱ्या मातीचा उंचवटा त्याला येऊन लागतो आणि बसतो. माती वळवळली म्हणून मी तिच्यामागे हात नेत होते, म्हणजे तिचा वाकडेपणा मीच सांभाळत होते.

त्यांनी माझं डावं कोपर मांडीच्या आत टेकवलं, उजवं बरगडीला चिकटवलं, दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवले. म्हणाल्या, "डोळे मिटा आणि काहीही करू नका. श्वास सोडत फक्त पुढे झुका." चाकावरच्या तिसऱ्या शनिवारी, साधारण साडेचार वाजता, तळहाताखाली धडक्-धडक् लागणारी माती हळूहळू गुळगुळीत होत गेली आणि एकदम काहीच लागेनासं झालं. डोळे उघडले तर गोळा थांबल्यासारखा दिसत होता. चाक चालूच होतं. मला रडू आलं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्या हातांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

ताईंची शिकवण्याची पद्धत मला फार आवडली. त्या तुमच्या मातीला हात लावत नाहीत. कोपराला, खांद्याला, फार तर हाताच्या मागच्या बाजूला बोट लावतात. दोन वर्षांपूर्वी भाचीबरोबर एका मॉलमधल्या दोन तासांच्या कार्यशाळेला गेले होते. तिथे शिकवणाऱ्यानं माझ्या हातांवर हात ठेवून अख्खा पेला स्वतःच केला, माझ्या नावानं फोटो काढला आणि मला काहीही आलं नाही. इथे आठव्या शनिवारीही तुमचं भांडं वेडंवाकडं असेल, पण ते तुमच्याच हातचं असेल.

दुसरी गोष्ट तारेची. पहिला नळकांड्यासारखा उभा पेला जमला की ताई तो तारेनं उभा कापायला लावतात. जीव तुटतो. पण दोन फाका बाजूला झाल्या की सगळं दिसतं. माझ्या पेल्याचा तळ जवळजवळ दीड सेंटीमीटर जाड, मधली भिंत ठीक आणि काठ कागदासारखा. माझ्या बोटांनी मला सांगितलं होतं की सगळं सारखं आहे. त्यानंतर मी स्वतःहून चार पेले कापले. पाचव्याला आतली आणि बाहेरची बोटं एकमेकांना भिंतीतून ओळखायला लागली. डाव्या हाताचं मधलं बोट आत, उजव्याचं बाहेर, मध्ये मातीची पाच मिलिमीटर भिंत. दोन्ही बोटं एकाच वेगानं वर चढायची. डावखुऱ्या लोकांसाठी चाक उलटं फिरवायची सोय आहे. जपानात तर बरेच कुंभार उजव्या हाताचे असूनही घड्याळाच्या दिशेनंच चाक फिरवतात, असं तिथेच कळलं.

मधेच एका दुपारी ताई आमच्या तुकडीला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन गेल्या. शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगावला त्या संस्थेनं १९६८ पासून बरीच वर्षं खोदकाम केलं, तिथली भांडी बघायला. तीन हजार वर्षांहून जुनी. जोर्वे पद्धतीची (संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं) तोटीची भांडी चाकावरची आहेत, नारिंगी अंगावर काळी नक्षी, भिंत इतकी पातळ की ज्यानं ती वर ओढली त्याच्या बोटांबद्दल मनात हात जोडले गेले. लहान मुलांना पुरायचे घट मात्र हातानं घडवलेले, राखाडी, खडबडीत. दोन घट तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत बाळ, आणि खड्डा घराच्याच जमिनीखाली. ज्या वस्तीत इतकं चांगलं चाक होतं तिथे हे घट चाकाविना केले. का, ते मला माहीत नाही. मी मात्र मोदकाच्या पारीसारखी हातात फिरवून केलेली माझी पहिली वाटी आठवत घरी आले.

सातव्या आणि आठव्या शनिवारच्या मध्ये संक्रांत आली. दरवर्षीप्रमाणे कसब्याच्या कुंभारवाड्याकडून पाच सुगडं आणली. हरभरे, बोरं, उसाचे करवे, ओंब्या भरायच्या आधी मी ती पालथी करून बघितली, आयुष्यात पहिल्यांदा. तळाला दोऱ्यानं कापल्याची शंखासारखी वळणं होती आणि एका बाजूला अंगठ्याचा दाब, पाचही सुगडांवर एकाच जागी. एवढ्या लहान भांड्यासाठी दर वेळी मध्य साधत बसत नाहीत. एक मोठा ढीग चाकावर चढवतात आणि त्याच्या टोकाशी एकामागून एक सुगड काढून कापत जातात. तो अंगठा उचलतानाचा. मला एका पेल्याला चाळीस मिनिटं लागतात.

ज्यांच्याकडून सुगडं घेतली त्या काकांना विचारलं, माठाचा तळ गोल कसा होतो, चाक तर सपाट आहे. ते म्हणाले, "चाकावर नुसतं तोंड आणि जाड अंग निघतं. बाकी सगळं थापटण्यानं." आतून दगडी गुंडा धरायचा, बाहेरून लाकडी थापटण्यानं हलकं ठोकत जायचं, भिंत पातळ होत पसरते आणि तळ भरून येतो. माती भाजताना तडकू नये म्हणून तिच्यात राख आणि घोड्याची लीद. लीद जळून गेली की बारीक छिद्रं राहतात, त्यांतून पाणी झिरपतं, वाऱ्यावर उडतं आणि माठ गार राहतो. माझी आई तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सांगायची, संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगितल्याची, आणि नामदेव कच्चे निघाल्याची. वर्गात ताई पहिल्या भाजणीतून आलेलं प्रत्येक भांडं नखानं वाजवून कानाजवळ धरतात. चांगलं भांडं टणकन बोलतं. चिरलेलं ठप्प वाजतं. माझे दोन वाडगे ठप्प वाजले.

दोन्हींच्या तळाला इंग्रजी एस अक्षरासारखी चीर होती. ही चूक माझी होती. भिंत वर ओढताना तिचे कण दाबले जातात, तळ तसाच सैल राहतो, वाळताना तो जास्त आकसतो आणि मध्यातून फाटतो. तळ केल्यावर अंगठ्यानं मध्यापासून कडेला आणि कडेपासून मध्याला दोन-तीनदा घट्ट दाबून घ्यायचा, हे ताईंनी सांगितलं होतं. मी घाई केली.

आकसण्याबद्दल नव्यांनी आधीच तयारी ठेवावी. आमच्या वर्गातली स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजायची माती ओल्यापासून शेवटच्या भाजणीपर्यंत साधारण १२ टक्के आकसते. १० इंचांची ताटली पावणेनऊ इंचांची होते. पेल्याचं तर लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून जातं, म्हणून ३०० मिलिलिटरचा केलेला पेला हातात येतो तेव्हा २०० चाच असतो. माझा एक चहाचा मग असाच कटिंगचा झाला. पहिली भाजणी १,००० अंश सेल्सिअसच्या आसपास, ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, चढवल्यावरची दुसरी १,२०० च्या वर. पहिली फार सावकाश चढवतात, कारण आत ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन भांडं फुटतं.

आता तक्रारी. पहिली, भांडी सांभाळण्याची. मगाला कान लावायचा वर्ग सगळ्यांत सुंदर होता. ओल्या हातानं मातीची मुळी वरून खाली ओढत जायची, धार काढल्यासारखी. माहेरी गायी होत्या, त्यामुळे माझा कान पहिल्याच फटक्यात लांब आणि निमुळता आला. मी सांगून गेले होते की माझा मग प्लॅस्टिकनं झाका, कान पातळ आहे, तो आधी वाळेल. पुढच्या शनिवारी तो पंख्याखालच्या फळीवर उघडा होता आणि कान जोडावरून सुटला होता. त्याचे भट्टीचे १५० रुपयेही घेतले. मी बोलल्यावर पैसे परत दिले आणि फळी आता आतल्या खोलीत हलवली आहे. माझा तो मग मात्र गेला तो गेलाच.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. सात आठवडे माणसाचे हात घडवायचे आणि ग्लेझला शेवटचे फक्त तीन तास, तेही बादलीत भांडं कसं बुडवायचं तेवढंच. चार नमुन्यांतून रंग निवडा, तीनपर्यंत मोजा, बाहेर काढा. कोणत्या पातळपणाला किती मोजायचं, तळाशी किती जागा पुसायची, हे हातानं शिकायचं काम नाही का? माझ्या एका वाडग्यावर ग्लेझ जाड बसलं, ओघळून भट्टीच्या फळीला चिकटलं आणि घासून काढल्यावर त्याची बैठक आता धारदार आहे. जेवणाच्या टेबलावर मी तो ठेवू शकत नाही. पुढच्या तुकड्यांना ग्लेझचे दोन शनिवार द्यावेत असं मी त्यांना सांगितलं आहे. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

हातांचं काय होतं, तेही सांगते, कारण माझ्या वयाच्या बायका हेच विचारतात. माती त्वचेतली ओल शोषते. घरी जाऊन खोबरेल तेल लावलं नाही तर सकाळी बोटं कोरडी ठक्क. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा असतो, तो चाकावर करंगळीकडची बाजू घासून काढतो. माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी सांधा दुखतो, बावीस वर्षांच्या कणकेची देणगी. मळताना तो दुखला, तेव्हा ताईंनी मळायचं टेबल मांडीच्या उंचीला आणलं आणि अंगाच्या वजनानं ढकलायला शिकवलं. चाकावर मात्र तो एकदाही दुखला नाही. तिथे जोर नव्हताच लागत.

आणि याचा उपयोग मला केंद्रावर झाला. जानेवारीत मी ओटा चार इंच खाली करून घेतला. माझ्याकडे दोघी मदतीला आहेत, दोघींना आता खांदे पुढे झुकवून मळायला सांगते, मनगट सरळ ठेवून. धाकटी म्हणाली, "काकू, संध्याकाळी हात उचलतो आता." हे एवढं मला आधी का कळलं नाही याचं वाईट वाटतं.

कुणी जावं? ज्यांना एका दुपारी मग करून फोटो टाकायचा आहे त्यांनी ८,५०० रुपये इथे घालवू नयेत. ज्यांना तयार सुंदर भांडी हवीत त्यांनीही नको. ती विकत घ्यावीत, करणाऱ्याला पूर्ण पैसे देऊन, घासाघीस न करता. आता मला कळतंय की ४५० रुपयांच्या मगात किती तास असतात. सुगडाचे नुसते १० रुपये देताना तर हात थांबतो. जे शिंपीकाम, स्वयंपाक, सुतारकाम, मालिश, असं काही हातानं करतात आणि ज्यांचे हात एकाच वळणाचे झालेत, त्यांनी नक्की जावं. गाडी लावायला जागा नाही, बसनं जावं. जुने कपडे, दोन फडकी, पाण्याची बाटली.

मी १३ भांडी केली, ९ भट्टीतून अखंड आली. त्यातल्या एका छोट्या वाडग्यात सकाळी पोळ्यांची पिठी घेते. बाहेरच्या अंगाला ग्लेझखाली माझ्या अनामिकेचा पन्हाळीसारखा खळगा राहिला आहे, चाक थांबायच्या आधी बोट जरा रेंगाळलं होतं त्याचा. वाडगा उचलला की बोट आपोआप तिथेच जातं. पुढच्या तुकडीत दोन किलोचा गोळा मध्यावर आणायचा आहे, भाताच्या मोठ्या वाडग्यासाठी. नाव नोंदवून आले आहे, ग्लेझचं परत एकदा बजावून.